दोरखंडावर काय लिहायचे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे गेले होते. मामांचे तालुक्याच्या पेठेत दोरखंडाचे दुकान आहे. दुकान म्हणजे पुढे एक काउंटर, मागे अंधारी लांबोडकी खोली आणि त्या खोलीत छपरापर्यंत रचलेली बंडले. काथ्याचा, तागाचा, सुताचा आणि प्लॅस्टिकचा वास एकत्र झाला म्हणजे जो काही वास होतो, तो तिथे बारा महिने असतो. लहानपणी मला तो आवडे. कॉलेजात गेल्यापासून, खरे सांगायचे तर, त्याची थोडी लाज वाटू लागली होती.

एके दिवशी दुपारच्या सामसुमीत मामा म्हणाले, “तू मराठी घेऊन बी.ए. करतेस ना? मग आमचं एक काम कर. महिन्याला एक पान लिहून दे. बिलाबरोबर वाटीन, गिऱ्हाइकांच्या फोनवरही पाठवीन. शेजारचा रंगवाला असलं काहीतरी करतोय.”

मी हसले. दोरखंडावर काय लिहायचे? फार तर एक पान होईल: आमच्याकडे सर्व प्रकारचे दोर मिळतील. दुसऱ्या महिन्याचे काय? सुट्टी संपल्यावर ही गोष्ट मैत्रिणींना सांगितली तेव्हा त्याही हसल्या. आमच्यातल्या एकीच्या वडिलांचे सिमेंटच्या पाइपांचे वर्कशॉप आहे. ती म्हणाली, “तुमचा दोर निदान काव्यात तरी येतो. आमच्या पाइपाचं बघ.”

मित्रहो, हा लेख त्या हसण्याविषयी आहे. आपण कलाशाखेची मुले काही धंद्यांना जन्मतःच नीरस ठरवून मोकळी होतो. पुस्तकांचे दुकान, नाट्यगृह, फार तर एखादे हॉटेल यांवर लिहिता येते. खिळे, दोर, पाइप, पोती, वजने, पशुखाद्य यांवर लिहिता येत नाही, अशी आपली एक अलिखित यादी आहे. ती कोणी केली हे ठाऊक नाही. मी मात्र त्या यादीवर विश्वास ठेवून मामांसाठी पहिले पान लिहिले आणि त्यात माझी फजिती झाली. ती आधी सांगते.

दोर हा विषय नीरस आहे हे मनाशी पक्के होते, तेव्हा त्याला सरस करणे आलेच. मी ‘बंध’ असे शीर्षक दिले. मायेचा दोर, आठवणींचा दोर, मातीशी जोडणारा दोर असे काय काय लिहिले. शेवटी आयुष्याची दोरी वरच्याच्या हाती असल्याचेही लिहिले. मामांनी चष्मा लावून सगळे वाचले, कागदाची व्यवस्थित घडी केली आणि गल्ल्याच्या खणात ठेवली. म्हणाले, “छान लिहिलंयस. पण हे वाचून कोण काय करील?”

तेवढ्यात एक म्हातारबाबा पायरीवर आले. निळ्या दोराचे बंडल चाचपत त्यांनी मलाच विचारले, “काय गं पोरी, ह्यो दोर हिरीत मोटार सोडाय चालंल का?”

मायेच्या दोरावर दीड पान लिहिणाऱ्या मला त्या प्रश्नाचे उत्तर माहीत नव्हते.

त्यानंतर मी दहा-बारा दिवस काउंटरवर बसले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रश्न एका वहीत उतरवू लागले. भाव किती, हा प्रश्न सोडून द्यायचा असे ठरवले, कारण त्याचे उत्तर महिन्यागणिक बदलते. बाकीचे सगळे लिहायचे. तिसऱ्या दिवशी वहीची चार पाने भरली. ओला झाला की हा दोर आखडतो का? मागच्या वर्षी घेतलेला दोर वरून चांगला दिसतोय, तरी हाताला पांढरी भुकटी का लागते? दोन तुकडे गाठ मारून जोडले तर चालेल का? वेसणीला नायलॉन चालते का, की बैलाचे नाक कापते? अस्सल नायलॉन ओळखायचे कसे?

यातला शेवटचा प्रश्न घ्या. आपल्याकडे बाजारात प्लॅस्टिकच्या कोणत्याही चकचकीत दोराला ‘नायलॉन’ म्हणतात. वास्तविक त्यातला बराचसा माल पॉलिप्रॉपिलिन नाहीतर पॉलिएथिलीन असतो. दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. नायलॉन ताणले की लांबते, झटका सोसते. म्हणून ओढण्याच्या कामाला ते चांगले. पॉलिप्रॉपिलिन हलके आणि स्वस्त. पण त्याला ऊन सोसत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे तंतू ठिसूळ होतात, वरचा थर भुकटीसारखा सुटू लागतो. हाताला लागणारी ती पांढरी भुकटी म्हणजे दोराचे म्हातारपण. बाजारात ऊन सोसणारे द्रव्य मिसळलेला मालही मिळतो, पण तो महाग पडतो आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. मग नायलॉन ओळखायचे कसे? मामांनी मला बादली आणायला लावली. दोन्हींचे तुकडे साबणाच्या पाण्यात नीट भिजवून, आतली हवा दाबून काढून पाण्यात सोडले. एक तळाला गेला, एक वर तरंगत राहिला. नायलॉन पाण्याहून जड, पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलके. शाळेत घनता शिकले होते. ती दुकानात बादलीत भेटेल असे वाटले नव्हते.

दुसरे पान मी ‘बादलीतली परीक्षा’ या नावाने लिहिले. मामांनी ते घडी करून खणात ठेवले नाही, लगेच छापायला पाठवले. मला त्याचा ‘बंध’पेक्षा जास्त आनंद झाला हे कबूल करते.

गाठीचे पान तिसरे. गाठ मारली की दोर मजबूत होतो अशी माझी समजूत होती, बहुतेकांची असते. होते उलटे. गाठीत दोर अचानक वळतो, वळणाच्या बाहेरच्या अंगाच्या तंतूंवर सगळा ताण येतो, आतल्या अंगाचे तंतू नुसते दबून राहतात. गाठीगाठीत फरक असतो, पण दोराची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने, कधी कधी निम्म्यानेही कमी होते. त्याशिवाय नवा दोर ज्या वजनाला तुटतो ते वजन त्याला कधीच लावायचे नसते. त्याच्या पाचवा, दहावा हिस्सा धरून चालायचे. माणूस खाली सोडायचा असेल तर त्याहूनही काळजी घ्यायची. हे सगळे दोर बनवणाऱ्यांना आणि बंदरावर काम करणाऱ्यांना ठाऊक असते. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र कोणी सांगितलेले नसते, आणि दोर लागतो त्यालाच.

इथे मला माझा पहिला मुद्दा सापडला. ‘कोणताही विषय नीरस नसतो, लिहिणारा नीरस असतो’ असे एक वाक्य आपण वक्तृत्व स्पर्धेत हमखास टाकतो. ते मला आता पटत नाही. दोराचे बंडल तासभर पाहत बसले तर ते नीरसच आहे. नीरस न राहणारी गोष्ट एकच: त्या दोराला खाली काय लटकले आहे. ज्याला आपण रूक्ष धंदा म्हणतो तो बहुधा निमूटपणे आपले काम करणारा धंदा असतो. काम चालू आहे तोवर कोणाचे लक्ष जात नाही. नळाचा आटा कोणाला दिसतो? पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९०४ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली, तेव्हा आसपासच्या शहरांतून बंब मदतीला धावून आले आणि त्यांतल्या अनेकांच्या नळ्या तिथल्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. प्रत्येक शहराचे आटे निराळे. सुमारे दीड हजार इमारती जळाल्या. आट्याच्या मापांवर त्या वर्षापूर्वी एखादा लेख कोणी लिहिला असता, तर तो वाचून संपादक नक्कीच जांभई देता.

याच्या उलट उदाहरणही आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६० च्या नाताळात मायकेल फॅरडे मुलांसमोर उभा राहिला आणि मेणबत्ती या एका विषयावर त्याने सहा व्याख्याने दिली. वात का जळते, मेण कुठे जाते, ज्योतीच्या मधोमध अंधार का, वर निघणारी वाफ कसली, असे एकेक विचारत तो श्वासोच्छ्वासापर्यंत जाऊन पोचला. ती व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि अजून वाचली जातात. त्याने मेणबत्तीला त्यागाचे प्रतीक केले नाही. ‘बंध’ लिहिण्यापूर्वी ते पुस्तक मी पाहिले असते तर बरे झाले असते.

आता आपल्या घरातले उदाहरण. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही नावे मराठीच्या विद्यार्थ्यांना नवी नाहीत. नियतकालिकांचा इतिहास शिकताना त्यांच्यावर प्रश्न येतो. आपण ‘समाजप्रबोधन’ हा शब्द चार वेळा लिहून गुण मिळवतो. पण या घराण्याचा मूळ पुरुष कोण, याकडे आपण नीट पाहत नाही. तो नांगर होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंड लागले की जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नांगर, चरक, चारा कापायची यंत्रे यांच्या कारखान्याचे हे घरचे पत्र. याहून रूक्ष जन्म कोणत्या मासिकाचा असेल? १९२९ साली नावातली ‘खबर’ गेली आणि ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’.

मला यातले जे दिसते ते असे. नांगर विकायचा तर नुसता नांगराचा गुण गाऊन भागत नव्हते. शेतकऱ्याच्या मनातली भीती काय आहे हे आधी कळायला हवे होते. ती भीती लोखंडाची होती तशी नव्याची होती, रूढीची होती, घरच्या वडीलधाऱ्यांची होती. नांगराबद्दल प्रामाणिकपणे लिहू लागलेला माणूस नांगराच्या बाहेर पडल्याशिवाय राहूच शकत नाही. म्हणून कारखान्याच्या पत्रातून महाराष्ट्राचे मासिक झाले. विषय नांगरात नव्हते, नांगर घेऊ की नको म्हणून घुटमळणाऱ्या माणसात होते.

परदेशातही हेच घडलेले दिसते. नांगर करणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे ‘द फरो’ म्हणजे तास किंवा सरी या अर्थाचे पत्र १८९५ पासून निघते आहे. फ्रान्समधल्या मिशलिन या टायरवाल्यांनी १९०० साली पस्तीस हजार प्रती छापून एक मार्गदर्शिका फुकट वाटली. चाक कसे बदलावे, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा, हे तिच्यात होते. टायरवर काय लिहायचे म्हणून ते थांबले नाहीत. टायर घातलेली मोटार जिथे जाते तिथे गेले. आज ती पुस्तिका जगभर हॉटेलांना तारे देते आणि ती मुळात टायरवाल्यांची हे खाणाऱ्यांच्या गावीही नसते.

हे सर्व मी आमच्या एका सरांना सांगितले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे शेवटी जाहिरातच ना?” त्या प्रश्नाकडे मला परत यायचे आहे, कारण तो सोपा नाही. पण त्याआधी शब्दांविषयी थोडे, कारण मराठीच्या विद्यार्थिनीला खरी लूट तिथे मिळाली.

मामांच्या दुकानात ‘दोरी’ हा शब्द जवळजवळ कोणी वापरत नाही. कासरा, दावे, दावण, वेसण, चऱ्हाट, सुंभ, मुसके अशी नावे घेऊन लोक येतात. मोटा बंद झाल्या तरी वयस्क माणसांच्या तोंडी नाडा आणि सोंदूर अजून आहेत: मोटेचा वरचा जाड दोर तो नाडा आणि खालच्या सोंडेचा बारीक दोर तो सोंदूर. आपण निबंधात ‘इंद्रियांना वेसण घालावी’ असे लिहितो, ‘पक्षाच्या दावणीला बांधले’ असे वर्तमानपत्रात वाचतो, ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण पाठ करतो, कोणाचे बोलणे लांबले की ‘काय चऱ्हाट लावलंय’ म्हणतो. माझ्या वर्गातल्या अकरा जणींना मी विचारले, सुंभ म्हणजे काय? दोघींना सांगता आले. नारळाच्या काथ्याची दोरी ती सुंभ. ती जळली तरी राखेत वळणाचा आकार तसाच दिसतो. ज्याने ती जळताना पाहिली नाही त्याला म्हणीतले चित्रच दिसत नाही. आणि ‘सूर्य कासराभर वर आला’ असे आजी म्हणे, तेव्हा ते मोजमाप होते हे मला काउंटरवर बसल्यावर कळले. बैलाच्या कासऱ्याएवढी उंची क्षितिजापासून मोजायची! घड्याळापूर्वीचे हे घड्याळ मामांच्या दुकानात वारावर कापून मिळते.

दोर वळणे हा मातंग समाजाचा परंपरागत धंदा. अंबाडी भिजवायची, सोलायची, घायपाताचे वाख काढायचे, वळायचे आणि बेंदराच्या आधी गावात कासरे-दावी पोचवायची. गिरणीचा आणि पुढे प्लॅस्टिकचा दोर आल्यावर तो धंदा बसला. मामांच्या दुकानी पूर्वी माल देणारे एक आजोबा अजून अधूनमधून नुसते बसायला येतात. त्यांनी मला वाखाच्या तीन बटा घेऊन दोर वळून दाखवला. सूत एका अंगाने पिळायचे. अशी पिळलेली सुते एकत्र करून पेड करायचा तो उलट अंगाने. आणि तीन पेड एकत्र वळायचे ते पुन्हा उलटे. एक पीळ सुटू पाहतो तेव्हा दुसरा घट्ट होतो. एवढीच युक्ती, पण तिच्यावाचून दोर म्हणजे तंतूंची जुडी. २०२० साली शास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या एका गुहेत मिळालेल्या दोरीच्या तुकड्याविषयी प्रसिद्ध केले. झाडाच्या आतल्या सालीचा, तीनपदरी, पदर एका बाजूला पिळलेले आणि एकत्र वळताना उलटे वळलेले. वय चाळीस-पन्नास हजार वर्षे, आणि वळणारे हात निअँडरथल माणसाचे. आजोबांना मी हे सांगितले. ते म्हणाले, “मग दुसरा कसा वळणार?” आणि मांडीवर वळत राहिले.

आजोबांवरचे पान मामांनी छापले. ते वाचून त्यांच्या नातवाने ते वर्गात नेऊन दाखवले असे कळले. पण त्या पानाने आजोबांचा धंदा परत येणार नाही, आणि मामा त्यांच्याकडून आता माल घेत नाहीत, हेही खरे. मी ते त्या पानात लिहिले नव्हते. इथे लिहिते.

आपल्या भाषेत याची परंपरा नाही असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. महसूल खात्यातल्या माणसाने बलुती-अलुती, वतने, पाटील-कुलकर्णी यांच्याविषयी लिहिलेला तो ग्रंथ आजही कादंबरीइतका वाचनीय वाटतो. अनिल अवचट हमालांच्या, विणकरांच्या, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या मागे गेले. पण आपल्या वार्षिक अंकाची जुनी पाने चाळा. पाऊस किती आहे! पावसाला माझा विरोध नाही. पण पावसात भिजलेल्या दोराचे काय होते, हे त्या साऱ्या पावसात कुठे आलेले नाही.

आता सरांचा प्रश्न. ही जाहिरात आहे का? आहे. मामा पानाचा खर्च करतात तो दोर खपावा म्हणूनच. ‘खबर’ निघाली तीही नांगर खपावा म्हणून. हे लपवण्यात अर्थ नाही. तरी मला वाटते, जाहिरात आणि लेख यांत एक साधा फरक करता येतो. ज्या पानात ‘हा माल या कामाला घेऊ नका’ असे वाक्य येऊ शकते ते पान लेख आहे. ज्यात ते येऊच शकत नाही ती जाहिरात. धंदा रूक्ष म्हणून लिहायला विषय मिळत नाहीत, असे म्हणणारे पुष्कळ दुकानदार मी आता पाहिले. माझ्या मैत्रिणीचे वडीलही तेच म्हणाले. मी त्यांना विचारले, “काका, गिऱ्हाईक परत येऊन भांडतं ते कशावरून?” ते अर्धा तास बोलत होते. पाइप उतरवताना पडलेली तड, खालच्या मातीची न केलेली चोपणी, उताराचा हिशेब, सांध्यातले सिमेंट पुरते सुकण्याआधी सोडलेले पाणी. वर्षभराचे विषय अर्ध्या तासात झाले. ते विषय नाहीत असे त्यांना का वाटत होते? कारण त्यातला प्रत्येक विषय थोडासा त्यांच्याविरुद्ध जातो.

हीच गोष्ट आमच्या दुकानात घडली, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

चौथे पान मी उन्हाने खाल्लेल्या दोरावर लिहिले. पॉलिप्रॉपिलिनचा स्वस्त दोर उघड्यावर सतत ठेवू नका. भुकटी सुटू लागली की तो जड वस्तू पेलायला, विशेषतः विहिरीत मोटार किंवा माणूस सोडायला वापरू नका. आणि नवा असला तरी या कामाला हलक्या प्रतीचा घेऊ नका, असे त्यात होते. त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाची मोटार विहिरीत पडली होती. दोर दोन उन्हाळे विहिरीच्या काठावर पडून राहिलेला. काठावरचे चौघे मागे कोसळले, खाली कोणी नव्हते म्हणून निभावले. दोर आमच्याच दुकानचा होता. तो माणूस भांडायला आला नाही, नवा दोर न्यायला आला. मामांनी त्याला जाड नायलॉन दिले आणि पैसे कमी घेतले.

मला वाटले, आता हे पान लगेच छापले जाईल. मामांनी ते वाचले आणि मागच्या खोलीकडे पाहिले. तिथे त्याच निळ्या स्वस्त दोराची चाळीस बंडले होती. हंगामासाठी उधारीवर भरलेला माल. “सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण जरा थांब. एवढा माल निघू दे.”

मी वाद घातला. ‘खबर’चे उदाहरण दिले, बाल्टिमोरही सांगितले. मामा रागावले नाहीत. म्हणाले, “अगं, मी तोंडानं सांगतोच की प्रत्येकाला.” ते खरे आहे, मी स्वतः ऐकले आहे. पण गर्दीच्या वेळी गड्याकडून माल गेला की कोण सांगतो? मामी आतून म्हणाली, “पानात लिहून टाका की, बंडलं काय वैरणी बांधायला नाहीत का जायची?” तो मला सर्वांत शहाणपणाचा तोडगा वाटला, पण त्या दिवशी तो मानला गेला नाही. त्या महिन्यात पान निघाले ते गाठींच्या चित्रांचे. पुढच्या महिन्यात मी कॉलेजला परत आले.

तेव्हा सरांना माझे उत्तर असे की रूक्ष धंद्यावर लिहिण्यातली अडचण विषय शोधण्याची नाही. विषय काउंटरवर येऊन उभे राहतात, फार तर दहा दिवस बसावे लागते. अडचण त्यापुढची आहे, आणि ती सोडवायला भाषेच्या विद्यार्थ्याची गरज आहे असे मला वाटते: जो विकणाऱ्याचा मिंधा नाही आणि विकत घेणाऱ्याचे बोलणे ज्याला कळते, असा कोणीतरी. आमच्या विभागात शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. दरवर्षी त्याच सात-आठ कादंबऱ्यांवर तेच लिहिले जाते आणि तेच कपाटात जाते. त्याऐवजी ज्याला हवे त्याला एखाद्या वखारीत, गिरणीत, वजनकाट्यांच्या दुकानात, रोपवाटिकेत पंधरा दिवस बसू द्यावे आणि तिथल्या गिऱ्हाइकांसाठी दहा पाने लिहून आणायला सांगावे, अशी माझी सूचना आहे. तपासताना सरांनी एवढेच पाहावे, की त्या दहांपैकी किती पाने मालकाने आनंदाने छापली आणि कोणते एक छापायला कां-कूं केली. गुण त्या एकाला द्यावेत.

उन्हाने खाल्लेल्या दोरावरचे पान मामांनी गणपतीनंतर छापले, एकही शब्द न बदलता. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती: जुना दोर आणून दाखवा, तपासून देऊ, पैसे नाहीत. लोक आणतात म्हणे. मामांच्या दुकानाबाहेर आता जुन्या दोरांचा ढीग असतो. तोपर्यंत त्या चाळीसांपैकी एकतीस बंडले गेली होती; मी फोनवर विचारून घेतले. त्यातली किती वैरणीला गेली आणि किती विहिरींवर, ते मामांनाही सांगता आले नाही.